अर्ध्या पेनीवरची तीन अक्षरं: सतराव्या शतकातल्या ब्रिटिश व्यापारी टोकनांचा माग कसा काढावा

१६४४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने राजाच्या परवान्याने निघणारी फार्दिंग टोकनं, म्हणजे चिल्लर म्हणून चालणाऱ्या धातूच्या चकत्या, बंद पाडली आणि बाजारातली चिल्लर आटली. सरकारी नाणं म्हणजे चांदीचं. त्यातली पेनी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, बोटांच्या फटीतून निसटणारी. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग. एवढी छोटी रक्कम चांदीत पाडणं शक्यच नव्हतं. पण पाव, बिअर, मेणबत्ती या वस्तू तर त्याच भावात विकल्या जात. मग १६४८-४९ पासून किराणावाले, खानावळवाले, मेणबत्तीवाले स्वतःच्या नावाची तांब्या-पितळेची टोकनं पाडून मोड म्हणून देऊ लागले. १६ ऑगस्ट १६७२ च्या राजाज्ञेने इंग्लंडातला हा कारभार थांबला आणि दुसऱ्या चार्ल्सची तांब्याची अधिकृत अर्धी पेनी व फार्दिंग चलनात आली. योगायोग असा, की त्याच १६७२ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत टांकसाळ उघडून तांब्याची आणि कथलाचीही नाणी पाडायला घेतली. सुट्या पैशांची चणचण तिकडेही होती, इकडेही.

या सुमारे २४ वर्षांत दहा हजारांहून जास्त प्रकारची टोकनं निघाली. प्रत्येकावर बहुधा एका खऱ्या माणसाचं नाव आणि गाव असतं. त्यामुळे संग्राहकाला वाटतं, नाव तर मिळालं, आता काय उरलं? खरं काम तिथूनच सुरू होतं. टोकनावरचा ‘जॉन’ आणि चर्चच्या वहीतला ‘जॉन’ एकच आहेत, हे सिद्ध करावं लागतं.

हातात नेमकं काय आहे?

आधी गल्लत टाळा. सतराव्या शतकातलं व्यापारी फार्दिंग साधारण १५ ते १७ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि अर्धी पेनी १९ ते २१ मिलिमीटरची. पूर्ण पेनीची टोकनं इंग्लंडात कमी, आयर्लंडात भरपूर. बहुतेक टोकनं पातळ आणि गोल. १६६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काहींनी अष्टकोनी, चौकोनी, अगदी हृदयाच्या आकाराचीही पाडली.

यांच्या बरोबरीने जमिनीतून निघणाऱ्या तीन गोष्टी नवख्याला हमखास फसवतात. मुकुट, फुलीसारखे दोन राजदंड आणि मागे वीणेसारखं हार्प वाद्य असेल तर ते पहिल्या जेम्सचं किंवा पहिल्या चार्ल्सचं शाही फार्दिंग. त्यावर दुकानदार शोधू नका. पातळ पिवळं पितळ, मध्यभागी क्रॉसचा गोल किंवा भोवती मुकुट आणि लिली मांडलेलं गुलाबफूल असेल तर ते न्यूरेंबर्गचं जेटन, म्हणजे हिशेबाच्या पटावर मांडायची सोंगटी. तिसरी गल्लत उलट दिशेची. १७८७ ते १७९७ या काळातली जाड, सुबक, यंत्रावर पाडलेली टोकनं अगदी वेगळ्या परंपरेतली आहेत. त्यांची सूची वेगळी, संशोधनाची साधनं वेगळी. कडेवर लेख कोरलेला दिसला, की तुम्ही शंभर-सव्वाशे वर्षं पुढे आला आहात असं समजा.

धुऊ नका, मोजा

घरची पितळी भांडी चिंच लावून लख्ख करायची सवय इथे सोडायची. आंबट पदार्थ, पितांबरी, वायर ब्रश यातलं काहीही टोकनाला लावू नये. तीनशे वर्षांत तयार झालेला तपकिरी-हिरवा थर बऱ्याचदा अक्षरांचा आकार धरून असतो. तो गेला की अक्षरंही जातात. चिकटलेली माती लाकडी दातकोरणीने, भिंगाखाली पाहत काढावी. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उमटत असेल तर गंज चालू आहे. ते टोकन वेगळं काढून सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डबीत ठेवावं.

मग नोंद: व्यास ०.१ मिलिमीटरपर्यंत, वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, धातू तांबं की पितळ, आणि दोन्ही बाजू एकमेकींशी कोणत्या कोनात आहेत ते. यासाठी पुढची बाजू सरळ धरून टोकन उभ्या अक्षावर फिरवावं आणि मागची बाजू घड्याळात किती वाजल्याच्या दिशेला डोकं करून आहे ते लिहावं. वजनावरून मात्र फार निष्कर्ष काढू नका. या खासगी टोकनांना ठरलेलं वजन नव्हतंच, त्यामुळे एकाच दुकानदाराची दोन नगंही वजनात मेळ खात नाहीत.

छायाचित्रासाठी दिवा वरून नको. टेबलाच्या पातळीजवळ, एका बाजूने लावा. टोकन न हलवता दिवा चार दिशांनी फिरवून चार फोटो घ्या. एका फोटोत सपाट दिसणारं अक्षर दुसऱ्यात उभं राहतं. झिजलेल्या टोकनांची निम्मी वाचनं इथेच सुटतात.

लेख वाचताना

लेख कडेने गोल फिरतो. सुरुवात बहुधा वर, घड्याळाच्या बाराच्या जागी असलेल्या लहानशा खुणेपासून होते. ती चांदणी असते किंवा फूल. पुढच्या बाजूला सहसा नाव, मागच्या बाजूला गाव. अर्ध्या पेनीवर ‘हिज हाफ पेनी’ असंही असतं, कधी अनेक ओळींत पसरलेलं.

अक्षरांच्या काही रीती आधीच डोक्यात ठेवाव्यात. ‘आय’ आणि ‘जे’ यांना एकच अक्षर, म्हणून ‘आय’ दिसलं तर आधी जॉन, जेम्स, जोसेफ यांचा विचार करा. ‘यू’च्या जागी ‘व्ही’, आणि ‘डब्ल्यू’ बऱ्याचदा दोन ‘व्ही’ जोडून. ‘वाय’वर चढवलेला लहान ‘ई’ म्हणजे ‘द’. ‘एन’ उलटा कोरलेला असू शकतो, तो ठसा कोरणाऱ्याचा हात. जागा संपली की शेवटची अक्षरं गाळली जातात किंवा एकमेकांत अडकवली जातात. वर्णलेखन कानावर पडेल तसं. त्यामुळे आडनावाचे तीन-चार पर्याय लिहूनच शोध सुरू करावा.

न दिसणारं अक्षर अंदाजाने भरू नका. तिथे टिंब द्या. एकदा मनात ‘पार्कर’ बसला की डोळ्याला ‘बार्कर’ दिसत नाही.

तीन अक्षरांचं त्रिकूट

मागच्या बाजूच्या मध्यभागी बहुधा तीन सुटी अक्षरं असतात: एक वर, दोन खाली. वरचं आडनावाचं, खालचं डावं नवऱ्याच्या नावाचं, खालचं उजवं बायकोच्या नावाचं. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर नावं घालतात तशीच ही पद्धत. इंग्लंडातही कथलाच्या ताटल्यांवर, दारावरच्या दगडांवर हेच त्रिकूट सापडतं.

पूर्ण संशोधनात सर्वांत मोलाचा पुरावा हाच. जॉन बेकर नावाचे लोक एका गावात दोन-तीन सहज असतात, पण ज्याची बायको ‘एम’ने सुरू होते आणि जो १६६६ मध्ये हयात आहे असा जॉन बेकर एखादाच. ‘एम’ म्हणजे मेरीच असं धरू नका. मार्गारेट आणि मार्थाही आहेत. ‘ए’ म्हणजे अ‍ॅन, अ‍ॅलिस किंवा अ‍ॅग्नेस. ‘ई’ बहुधा एलिझाबेथ, पण एलनही. बायकोच्या जागी ‘आय’ असेल तर जेन, जोन, जुडिथ, इझाबेल असे सगळे पर्याय उघडे.

एकाच माणसाची दोन टोकनं हाती लागली आणि बायकोचं अक्षर बदललेलं दिसलं, तर पहिली बायको वारली आणि दुसरं लग्न झालं असा तर्क करता येतो. चर्चच्या वहीत ते दफन आणि ते लग्न सापडलं की दोन्ही टोकनांचा काळ महिन्यांच्या हिशेबात बांधता येतो. दोनच अक्षरं असतील तर तो अविवाहित किंवा विधुर असावा, एवढंच म्हणा. ‘होता’ म्हणू नका. बाईचं नाव असेल तर ती बहुतेकदा नवऱ्याचं दुकान पुढे चालवणारी विधवा असते. मग शोध नवऱ्याच्या मृत्युपत्रापासून सुरू करावा.

चिन्ह काय सांगतं आणि काय सांगत नाही

लवंगांची नक्षी किंवा साखरेचा शंकू म्हणजे किराणा-मसाल्याचा व्यापारी. हातात धरलेला तराजू बहुधा बेकरांच्या कंपनीचा, म्हणजे त्या धंद्याच्या संघाचा. मुकुटधारी कुमारिका कापड विकणाऱ्या मर्सर कंपनीची. बकऱ्यांची डोकी चर्मकारांची, तीन पिंपं मद्य-व्यापाऱ्यांची, वाती बुडवणारा माणूस चरबीच्या मेणबत्त्या करणाऱ्याचा. तुर्काचं डोकं दिसलं तर कॉफीहाउसची शक्यता तपासा. लंडनच्या एक्स्चेंज अ‍ॅलीतल्या कॉफीहाउसने तर ऑटोमन सुलतान मुरादची प्रतिमाच टोकनावर घातली होती.

आता सापळा. लंडनच्या रिवाजाप्रमाणे एखाद्या कंपनीचा सदस्य झालेला माणूस कोणताही धंदा करू शकत असे. बाप ड्रेपर, म्हणजे कापडवाला, होता म्हणून वारसाहक्काने ड्रेपर कंपनीत गेलेला मुलगा प्रत्यक्षात पाव भाजत असेल. म्हणून चिन्हावरून ‘कंपनी’ लिहा, ‘व्यवसाय’ दुसऱ्या कागदावरून मिळेपर्यंत रिकामा ठेवा. शिवाय तीन पिंपं ही मद्य-व्यापाऱ्यांच्या कंपनीची खूण, तशीच कोणत्याही खानावळीची पाटीही असू शकते. त्या काळी घरांना क्रमांक नव्हते. पत्ता म्हणजे पाटी. आधीच्या भाडेकरूची पाटी नव्या दुकानदाराने तशीच ठेवली, तर चिन्हाचा त्याच्या धंद्याशी संबंधच उरत नाही.

गाव ठरवणं

न्यूपोर्ट, सटन, न्यूटन, किंग्स्टन ही नावं इंग्लंडभर विखुरलेली आहेत. टोकनावर परगणा (काउंटी) असेल तर नशीब. नसेल तर ठसा आणि अक्षरांची घडण शेजारच्या गावांच्या टोकनांशी ताडून पाहावी, आणि ते कुठे सापडलं याचा विचार करावा, कारण अशी टोकनं सहसा आपल्या परिसरातच फिरत. इंग्लंड-वेल्समध्ये हौशी शोधकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ पासून चालू आहे. तिच्या खुल्या संगणकीय नोंदींत आडनाव आणि गाव टाकून शोधावं.

लंडनच्या टोकनावर शहराचं नाव नसतंच बहुतेक, रस्ता असतो. किंग स्ट्रीट एक नव्हती. टूली स्ट्रीट हे नाव तर ‘सेंट ओलाव’च्या अपभ्रंशातून आलं, त्यामुळे पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, शोधताना सदर्कमधलं सेंट ओलाव बघायचं. रस्त्यासाठी १६५८ चा न्यूकोर्टचा नकाशा आणि १६७६ चा ऑगिल्बी-मॉर्गनचा नकाशा शेजारी ठेवावेत. मधे सप्टेंबर १६६६ ची आग आहे. पहिला नकाशा आगीआधीचा, दुसरा नंतरचा, आणि तुमचा दुकानदार बहुधा या दोन्हींच्या मधे कुठेतरी. आगीत जळालेली काही चर्च पुन्हा बांधलीच नाहीत, त्यांच्या पॅरिश शेजारच्यांत मिसळल्या. म्हणून आगीनंतरची नोंद दुसऱ्याच नावाखाली असू शकते.

सूचीतला क्रमांक

विल्यम बॉइनने १८५८ मध्ये केलेली सूची जॉर्ज विल्यमसनने १८८९ ते १८९१ मध्ये वाढवली. आजही क्रमांक तिचाच चालतो: परगणा, त्याखाली वर्णानुक्रमे गावं, त्याखाली टोकनं. ती प्रताधिकारमुक्त असल्याने इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येते. मायकेल डिकिन्सनच्या १९८६ च्या सूचीत तेच क्रमांक ठेवून नंतर सापडलेले प्रकार भरले आहेत. छायाचित्र हवं असेल तर नॉरवेब संग्रहाचे खंड पाहावेत. थॉम्पसन आणि डिकिन्सन यांनी ते तयार केले आहेत.

विल्यमसनची सूची अनेक स्थानिक हौशी लोकांच्या पत्रांवरून जुळवलेली आहे. झिजलेल्या नगांवरून झालेली चुकीची वाचनं तिच्यात शिल्लक आहेत. तुमच्या हातातलं टोकन आणि सूची यांत फरक दिसला तर ‘नवा प्रकार सापडला’ म्हणून उडी मारण्याआधी दुसऱ्या नगाचा फोटो मिळवा. बहुतेक वेळा फरक छपाईतला निघतो.

कागदपत्रं, या क्रमाने

सुरुवात चूलपट्टीपासून करावी. १६६२ मध्ये लागू झालेल्या या करात दर चुलीमागे, म्हणजे घरातल्या प्रत्येक शेकोटीमागे, वर्षाला २ शिलिंग घेत. अर्धे २५ मार्चला, अर्धे २९ सप्टेंबरला. कर १६८९ पर्यंत चालला, पण नावांच्या याद्या मुख्यतः १६६२-६६ आणि १६६९-७४ या काळातल्या मिळतात. मधल्या वर्षांत वसुली मक्त्याने दिली होती, आणि मक्तेदाराला याद्या सरकारात जमा करायचं कारण नव्हतं. या याद्या ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या ई १७९ या संचात आहेत. लंडन-मिडलसेक्सची १६६६ ची यादी ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाइनवर बसल्या जागी शोधता येते. चुलींचा आकडा माणसाची ऐपतही सुचवतो. एक-दोन चुली असलेला छोटा कारागीर, दहाच्या पुढे गेला तर खानावळ असण्याची दाट शक्यता. नाव यादीत नसणं म्हणजे माणूस नसणं नव्हे. गरिबांना माफी होती आणि कित्येक पानं नष्ट झाली आहेत.

मग पॅरिशच्या वह्या: बाप्तिस्मा, लग्न, दफन. त्यांची सूची फॅमिलीसर्चवर फुकट खातं काढून भारतातूनही चाळता येते. टोकनाच्या सालाआधीची वीस वर्षं आणि नंतरची वीस वर्षं अशी खिडकी धरा. अडचण अशी, की अनेक कारकून ‘जॉन बेकरचा मुलगा’ एवढंच लिहून मोकळे होत. आईचं नाव नाही. तेव्हा बाप्तिस्म्यावरून त्रिकूट जुळत नाही, लग्नाची नोंदच हवी. १६५३ ते १६६० मध्ये लग्नं न्यायाधीशासमोर होत आणि वह्यांचा कारभार विस्कळीत होता, त्यामुळे नेमक्या हव्या त्या काळात भगदाड पडलेलं असतं. तिथे लग्नाच्या परवान्यासाठी केलेले अर्ज कामी येतात. त्यांत वय आणि धंदाही असतो.

तिसरं मृत्युपत्र. पीआरओबी ११ हा कँटरबरीच्या वरिष्ठ धर्मन्यायालयाचा संच नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर आहे. तपशिलात नाव, गाव आणि बऱ्याचदा व्यवसाय दिलेला असतो. १६५३ ते १६६० या काळात इंग्लंड-वेल्समधली सगळी मृत्युपत्रं एकाच केंद्रीय न्यायालयात नोंदली जात, म्हणून या काळात मेलेला किरकोळ दुकानदारही इथे सापडतो. इतर वर्षांत मात्र छोट्या माणसाचं मृत्युपत्र बिशपच्या किंवा आर्चडीकनच्या न्यायालयात, म्हणजे आता परगण्याच्या दप्तरखान्यात. यॉर्क प्रांताची कागदपत्रं यॉर्कच्या बोर्थविक संस्थेत. मृत्युपत्राच्या जोडीला मालमत्तेची यादी मिळाली तर सोनंच: दुकानातला माल, तराजू, वजनं, थकीत उधारी खोलीवार लिहिलेली असते, आणि व्यवसायाचा प्रश्न तिथेच निकालात निघतो.

लंडनसाठी लिव्हरी कंपन्यांची, म्हणजे वर आलेल्या त्याच धंदेवार संघांची, शागीर्द आणि सदस्य यांची नोंद. काही कंपन्यांच्या नोंदी रोल्को या संगणकीय सूचीत आहेत. शागिर्दी सहसा सात वर्षांची, आणि लंडनमध्ये ती २४ वर्षांच्या आत संपत नसे. सदस्यत्वाचं साल मिळालं की जन्माचा अंदाज लावता येतो. शागीर्दाच्या नोंदीत बापाचं नाव, गाव आणि धंदाही असतो.

१६७७ साली लंडनच्या व्यापाऱ्यांची एक छापील यादी निघाली होती. तिच्यावर वेळ घालवण्याआधी हे लक्षात घ्या, की त्यात घाऊक व्यापारी आणि सराफ आहेत. चिल्लरसाठी टोकनं पाडणारा कोपऱ्यावरचा वाणी त्यात क्वचितच भेटेल. त्यापेक्षा दारूगुत्त्यांचे परवाने, चर्चच्या कारभाऱ्यांचे हिशेब, गावाच्या नगरसभेच्या वह्या चाळणं फलदायी.

हस्ताक्षराची भीती बाळगू नका. तेव्हाचं सेक्रेटरी वळण आणि आपली मोडी यांत एक साम्य आहे: अक्षर ओळखण्यापेक्षा हाताची लकब ओळखावी लागते. नॅशनल आर्काइव्ह्जचे फुकट ऑनलाइन धडे आहेत. एकाच कारकुनाची पाच-सहा पानं आधी नक्कल करा, मग हवं ते नाव शोधा. लॅटिन वहीत विल्यम ‘गुलिएल्मुस’ होतो आणि जेम्स ‘जाकोबुस’, हेही ध्यानात असू द्या.

सालाचा घोळ

इंग्लंडात १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलत असे. वहीत ‘१० फेब्रुवारी १६६५’ असेल तर आपल्या हिशेबाने ते १६६६. नोंदताना दोन्ही साली लिहा: १६६५/६६. क्वेकर पंथीय महिन्यांना नावं न देता क्रमांक देत, आणि त्यांचा पहिला महिना मार्च. त्यांच्या ‘अकराव्या महिन्या’चं लग्न म्हणजे जानेवारीचं. ते नोव्हेंबरचं समजलात, तर लग्न दोन महिने आधीच झाल्यासारखं दिसेल. टोकनावर साल नसेल तर साधारण अंदाज असा: फार्दिंग पूर्ण काळभर निघाली, अर्ध्या पेनीची लाट १६६० च्या दशकातली.

किती खात्री आहे हे लिहा

नाव, गाव आणि काळ जुळले तर ‘शक्य’. त्यात बायकोचं अक्षर जुळलं तर ‘बहुधा’. त्यावर मृत्युपत्रात किंवा यादीत तोच धंदा किंवा तीच पाटी आली तरच ‘निश्चित’. बाप आणि मुलगा एकाच नावाचे असतील तर दोघांच्या बायकांची अक्षरं वेगळी आहेत का ते पाहा. सारखीच असतील तर दोघांचीही नावं नोंदवून थांबा. प्रत्येक नोंदीसोबत संचाचा क्रमांक, पान आणि पाहिल्याची तारीख लिहा, न सापडलेल्या ठिकाणांसह. नाहीतर वर्षभराने तीच वही पुन्हा चाळाल.

आणि प्रत्येक टोकनामागे माणूस असतोच असं नाही. काही गावांनी स्वतःची टोकनं काढली. ग्रेट यार्मथच्या १६६७ च्या टोकनावर ती गरिबांच्या उपयोगासाठी असल्याचं लिहिलेलं आहे. अशा वेळी चूलपट्टी, बाप्तिस्मा सगळं बाजूला ठेवून थेट नगरसभेच्या ठरावांची वही मागवावी. टोकनं पाडायचं कुणी ठरवलं आणि त्यासाठी पैसा कुठून आला, हे असलंच तर त्या वहीत असतं.